बंद दारांपुढची दोन वर्षे

मिशनरी म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जो उभा राहतो तो प्रौढ, झगा घातलेला, बहुधा दाढीवाला पाद्री. एका हाताला शाळा, दुसऱ्या हाताला दवाखाना, मागे छापखाना. आम्हा बेळगावकडच्यांना तर हे चित्र घरचेच. 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी १८३१ साली जन्मले ते बेळगावात आणि आरंभीचे इंग्रजी शिकले तेही इथल्या मिशनच्या शाळेत. तेव्हा मिशनऱ्याकडे आपण पाहतो ते शाळेच्या बाकावरून, म्हणजे थोडे वर मान करून.

प्रस्तुत लेखात ज्याचा विचार करायचा आहे तो मिशनरी ह्या चित्रात बसत नाही. त्याचे वय अठरा-एकोणीस, फार तर वीस. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी पट्टी आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत आडनाव. त्याच्याजवळ शाळा नाही, दवाखाना नाही. एक पुस्तक आहे आणि बरोबर त्याच्याच वयाचा एक सोबती आहे. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क प्रांतात स्थापिलेल्या आणि पुढे यूटामध्ये स्थिरावलेल्या पंथाचा हा मुलगा. ह्या पंथाला जग मॉर्मन म्हणते. पंथाच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये हे टोपणनाव टाकून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला; पण ज्या कलाकृतींबद्दल लिहायचे त्यांच्या अंगावर हे नाव चिकटलेले आहे, म्हणून मीही तेच ठेवतो.

ह्या मुलाला 'एल्डर' म्हणतात, म्हणजे वडीलधारा! ज्याला अजून स्वतःचा शर्ट धड इस्त्री करता येत नाही त्याला जगाने वडील म्हणायचे, ही गंमत ह्या विषयावरच्या प्रत्येक लेखकाच्या ध्यानात आली आहे; पण तिच्यातले कारुण्य फार थोड्यांच्या.

त्याचा दिवस कसा असतो ते आधी पाहू. कारण माझा सगळा मुद्दा त्या दिवसापाशी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वेळापत्रक असे: सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ-न्याहारी. आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथाचे वाचन, नऊ वाजता सोबत्याबरोबर वाचन, परदेशी असेल तर त्या देशाच्या भाषेचा अभ्यास. मग दहा-अकराच्या सुमारास जे घराबाहेर पडायचे ते रात्री नऊपर्यंत. दारे ठोठवायची, रस्त्यात माणसे थांबवायची, कोणी बोलावलेच तर त्याला पाठ शिकवायचा. रात्री उद्याचे नियोजन, रोजनिशी, आणि साडेदहाला दिवा बंद. २०१७ मध्ये ह्या वेळा थोड्या सैल झाल्या; साचा तोच राहिला. सोबत्याला नजरेआड करायचे नाही. कथा-कादंबरी, दूरदर्शन, नाच, प्रेमप्रकरण हे सर्व दोन वर्षे वर्ज्य. मुलींना दीड वर्ष. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे ह्यासाठी मोकळा. घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. कुठल्या देशात जायचे ते मुलगा ठरवीत नाही, पत्र येते त्यावरून कळते. आणि ह्या सर्वाचा खर्च तो स्वतः किंवा त्याचे घर सोसते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. आजमितीला असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी जगभर हिंडत आहेत.

तीस वर्षे शाळेच्या घंटेवर जगलेल्या मला हे वेळापत्रक परके वाटले नाही. आठवड्याचे आकडे वरच्यांना कळवायचे, किती पाठ दिले, किती जणांना भेटलो, हे वाचताना तर बी.ई.ओ. ऑफिसला पाठवायच्या तक्त्यांची आठवण झाली. असो.

वाङ्मयापुढचा पेच असा की, ह्या दिवसात काही घडत नाही. दार ठोठावले जाते. ते उघडत नाही, किंवा उघडून बंद होते. पुन्हा पुढचे दार. आपल्याकडे दारी येणाऱ्याची मोठी परंपरा आहे. पहाटेचा वासुदेव, माधुकरी मागणारा बटू, रामदासी, आणि आमच्या ह्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगवा मागणारे. पण हे सारे मागायला येतात. मूठभर पीठ घातले की दोघेही मोकळे होतात, आणि पुण्य लागते ते घालणाऱ्याला. हा पोरगा मात्र द्यायला आलेला असतो. घेणाऱ्याने आधी आपल्या घरात काही कमी आहे हे कबूल केले पाहिजे, अशी त्याच्या देण्याची अट आहे. दार बंद होते ते ह्या अटीमुळे, केवळ उर्मटपणामुळे नव्हे. ही गोष्ट ज्या लेखकाला समजली त्याची कलाकृती पुढे जाते; ज्याला नाही समजली तो वादळे, चमत्कार किंवा विनोद ह्यांचा आश्रय घेतो.

वादळापासून आरंभ करू. 'द अदर साइड ऑफ हेवन' हा मिच डेव्हिस ह्यांचा २००१ चा चित्रपट जॉन ग्रोबर्ग ह्यांच्या आठवणींवर आधारलेला. आयडाहोचा हा तरुण १९५० च्या दशकात दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर धाडला गेला. चित्रपट देखणा आहे. निळे पाणी, नारळीची बने, आणि त्यात पांढऱ्या शर्टातला गोरा मुलगा. झोपेत उंदीर त्याचे तळपाय कुरतडतात. चक्रीवादळाने बेट झोडपल्यावर उपासमार येते. झाडावरून पडलेल्या, मेला असे वाटणाऱ्या पोरावर तो प्रार्थना आणि प्रथमोपचार दोन्ही करतो. मायदेशी वाट पाहणारी प्रेयसी आणि तिची पत्रे आहेतच. प्रेक्षकाचा वेळ उत्तम जातो.

ह्यातले एकच प्रकरण मला खऱ्या अर्थाने मोलाचे वाटते. मुलाला भाषा येत नाही. मग तो इंग्रजी आणि टोंगन अशी दोन बायबले शेजारी-शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहत बसतो. भाषा शिकण्याचा इतका जुना आणि इतका एकाकी मार्ग पडद्यावर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ज्या प्रदेशात घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलावी लागते तेथील प्रेक्षकाला हे दृश्य नक्की भिडेल. परंतु दिग्दर्शकाला पुढच्या वादळाची घाई आहे. भाषा चटकन येते आणि साहस सुरू होते.

शिवाय एक गोम आहे. ग्रोबर्गचा सोबती फेकी हा टोंगन आहे. दोन्ही भाषा त्याला येतात, बेटे त्याला ठाऊक आहेत, माणसे त्याची आहेत. गोऱ्या मुलाचे काम चालते ते फेकीच्या आधाराने. पण फेकीला कोणाची पत्रे येतात, त्याच्या घरी कोण आहे, ह्या वाटेला तो का लागला, ह्याचे चित्रपटाला फारसे कुतूहल नाही. जगातल्या कोणत्याही देशापेक्षा मॉर्मनांचे प्रमाण टोंगात अधिक आहे. ते एका आयडाहोच्या मुलाच्या तळपायांमुळे झाले असेल असे मानणे कठीण. त्यामागे कितीतरी फेकी असले पाहिजेत.

आता ज्या चित्रपटाची महती सांगण्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. 'द बेस्ट टू इयर्स' हा स्कॉट अँडरसन ह्यांचा छोटा, कमी खर्चाचा चित्रपट अमेरिकेत २००४ मध्ये प्रदर्शित झाला. आधी ते त्यांचेच नाटक होते, आणि त्यांनी स्वतः तरुणपणी नेदरलँड्समध्ये हे काम केले होते. दोन्ही गोष्टी चित्रपटात दिसतात. स्थळ हार्लेम, ॲमस्टरडॅमजवळचे जुने टुमदार गाव. चार मुलगे एका घरात राहतात. बस्स, एवढाच संसार.

ह्यात वादळ नाही. सगळ्यात मोठी घटना म्हणजे पोस्टमन आला की नाही. एकाला पत्रे येतात आणि तो त्याची ऐट मिरवतो. दुसऱ्याला येत नाहीत आणि तो रोज पेटी उघडून पाहतो. रॉजर्स नावाच्या तिसऱ्याच्या प्रेयसीने त्याच्याच पूर्वीच्या सोबत्याशी लग्न लावले आहे. त्यामुळे त्याच्यातला प्राणच गेलेला. तो नियमापुरते दिवस ढकलतो आहे. आणि त्याच्या गळ्यात बांधला जातो तो कॅलहून नावाचा ओक्लाहोमाचा नवखा. भलताच उत्साही, डच भाषेची चिरफाड करणारा, कुणालाही कुठेही थांबवून बोलू पाहणारा. जुन्या शिक्षकाच्या वर्गात नवा बी.एड. झालेला मुलगा आला की जे होते तेच येथे होते. जुना त्याच्या उत्साहाची टर उडवतो, कारण तो उत्साह एकेकाळी त्याचाही होता.

खोलीतले जीवन अँडरसन ह्यांनी जे टिपले आहे ते अस्सल आहे. चोवीस तास दुसऱ्याच्या नजरेत राहायचे, रडायलासुद्धा एकांत नाही, भांडण झाले तरी उद्या सकाळी त्याच्याच शेजारी सायकल चालवायची. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ह्यातले अर्धे ओळखू येईल. उरलेले अर्धे म्हणजे, हा सोबती आपण निवडलेला नाही आणि काही आठवड्यांनी बदलीच्या यादीबरोबर तो जाईलही. म्हणजे जवळीक सक्तीची आणि ताटातूटही सक्तीचीच. विनोद ह्या चित्रपटात पुष्कळ आहे, काही ठिकाणी बालिशही आहे. परंतु तो उपरा नाही. कंटाळ्यातूनच उगवलेला आहे.

माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे आणि तो गंभीर आहे. कॅलहूनच्या धडपडीला फळ येते, त्याचे पुस्तक घेऊन वाचणारा माणूस मिळतो. पण तो माणूस डच नाही! तो हार्लेममध्ये आलेला एक अमेरिकनच आहे. कथेच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. संवाद इंग्रजीत झाले, नवख्याचे मोडके डच अडले नाही. परंतु चारही मुलांनी ज्या लोकांसाठी घर सोडले, ज्यांची भाषा घोकली, ते डच लोक चित्रपटभर दारांसारखेच राहतात. उघडतात आणि मिटतात. परदेशी राहणाऱ्या माणसाचे दुःख दाखवताना तो परदेशच पुसून टाकायचा, ही खोड एकट्या अँडरसन ह्यांची नव्हे. दोन वर्षे एका गावात राहून त्या गावातल्या एकाही माणसाशी मैत्री होऊ नये, हे खरे तर ह्या कथेचे सर्वांत करुण सत्य ठरले असते. लेखकाने ते पाहिले नाही. त्याच्याकडून ते नकळत घडून गेले आहे.

हे सारे पंथाच्या आतून आलेले. बाहेरून आलेली सर्वांत गाजलेली कृती म्हणजे २०११ मध्ये ब्रॉडवेवर आलेले 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक. ट्रे पार्कर, मॅट स्टोन आणि रॉबर्ट लोपेझ हे तिचे कर्ते. त्या वर्षी तिला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. मी ते रंगमंचावर पाहिलेले नाही. संहिता वाचली आणि गाणी ऐकली, त्यावरून बोलतो. आरंभ दाराच्या घंटेनेच होतो. एकापाठोपाठ एक हसतमुख मुलगे घंटा दाबतात आणि तेच पाठ केलेले वाक्य गातात. दोन मुलांची रवानगी युगांडात होते. त्यांतल्या एकाला अमेरिकेतल्याच ऑर्लँडोला जाण्याची आस होती, हे फार नेमके सुचले आहे. मनात आलेली शंका दिव्याचे बटण बंद करावे तशी बंद करायची, ह्या वृत्तीवरचे एक गाणेही आहे, आणि त्यात थट्टेपेक्षा अधिक काहीतरी आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला सतत हसतमुख राहावे लागते ह्याची किंमत ह्या टवाळ मंडळींनी भक्तांपेक्षा अचूक ओळखली.

पण पुढे? पुढे युगांडाची माणसे येतात ती रोगराई, दारिद्र्य आणि अश्लील विनोद ह्यांचे गाठोडे घेऊन. गोऱ्या मुलांची भाबडी समजूत उघडी पाडण्यासाठी ही माणसे केवळ पडद्यासारखी वापरली आहेत. २०२० मध्ये ह्या नाटकात काम केलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांनीच आपले आक्षेप कर्त्यांना कळवले, आणि २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू होताना काही बदल करावे लागले. टोंगाचा भाविक चित्रपट आणि ब्रॉडवेची ही निर्भर चेष्टा ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे वाटते. ह्या एका बाबतीत मात्र ती सख्खी भावंडे आहेत. ह्या नाटकाबाबत पंथाने दाखवलेले शहाणपण मात्र वाखाणण्यासारखे. बंदीची मागणी नाही, मोर्चा नाही. प्रयोगाच्या पत्रिकेतच जाहिरात दिली की, नाटक पाहिलेत, आता मूळ ग्रंथही वाचा. आपल्याकडे नाटकांच्या वाट्याला काय येते ते आठवून मी ह्यावर अधिक लिहीत नाही.

२०२४ चा 'हेरेटिक' हा भयपट थोडक्यात आटोपतो. दोन तरुण मिशनरी मुली, एक गोडबोल्या यजमान आणि बंद होणारे दार. पहिला अर्धा तास उत्कृष्ट आहे. कारण येथे प्रथमच दार उघडणारा माणूस बोलतो, पुष्कळ बोलतो आणि ऐकणाऱ्यांची पंचाईत करतो. नंतर तळघर येते आणि विचाराची जागा किंकाळ्या घेतात.

ह्या सर्वांत वाङ्मय म्हणून वरचढ ठरते ती रायन मॅकिल्वेन ह्यांची 'एल्डर्स' ही २०१३ ची कादंबरी. लेखकाने स्वतः ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून काळ काढला आणि नंतर पंथ सोडला. सोडणाऱ्याच्या लेखनात जो सूड किंवा जो उसासा असतो तो येथे नाही. ब्राझीलमधील एका गावात दोन सोबती आहेत. मॅक्लाउड हा तिरसट, उघड बोलणारा अमेरिकन, मुदत संपत आलेला. पासोस हा ब्राझीलचाच, गरिबीतून आलेला, आई गेल्यावर ह्या पंथात ज्याला आधार सापडला असा. म्हणजे चित्रपटातल्या फेकीला येथे प्रथमच स्वतःचे मन मिळाले आहे. काळ इराकच्या युद्धाचा, २००३ चा. रस्त्यावरच्या लोकांना मॅक्लाउडच्या छातीवरची पट्टी दिसत नाही, त्याचे राष्ट्र दिसते. तो मुक्तीचा निरोप घेऊन उभा असतो आणि समोरचा त्याला बाँबचा हिशेब विचारतो.

आणि पासोस? त्याला इंग्रजी शिकायचे आहे, अमेरिकेत विद्यापीठात जायचे आहे. त्याचा भाव खरा आहे आणि त्याची महत्त्वाकांक्षाही खरी आहे. ह्या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात, त्यासाठी त्याला ढोंगी ठरवण्याची गरज नाही, हे मॅकिल्वेन ज्या संयमाने दाखवतात तो संयम मला दुर्मीळ वाटतो. आमच्या दहावीच्या वर्गात कन्नड, मराठी आणि इंग्रजी ह्यांपैकी कोणती भाषा पोटाची आणि कोणती मनाची ह्याचा हिशेब मुले रोज करतात; पासोस त्यांना लगेच उमगेल. एक तरुण जोडपे त्यांचे पाठ ऐकायला तयार होते, तेव्हा ह्या दोघांमधला सगळा दबलेला ताण वर येतो. त्यापुढचे कथानक सांगत नाही. वाचकाचा हक्क मारू नये. मॅक्लाउडचे शेवटचे काही प्रसंग मला थोडे ओढूनताणून आणल्यासारखे वाटले. रोजच्या पायपिटीची पाने अधिक समर्थ आहेत. बंद दारांची गणती, उन्हातली चढण, दुपारचे न संपणारे तास, सोबत्याच्या चघळण्याचा आवाजदेखील असह्य व्हावा अशी कोंडी हे मराठी कादंबरीकारांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

दाराच्या पलीकडची बाजू पाहायची असेल तर मात्र आपल्याला बाहेर जावे लागत नाही. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे पुस्तक म्हणजे दार उघडणाऱ्याचे आत्मकथन. शंका कशी आली, घरच्यांपासून ती कशी लपवली, ह्याचा तपशील त्यात आहे. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर त्याही पलीकडची. घरातल्या एकाने दार उघडले तर स्वयंपाकघरात काय कोसळते हे त्यांनी लिहिले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना कोणी पाठ शिकवले नव्हते. हॉलिवूडच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांना मिळून त्या प्रकरणांची सर नाही. मात्र मराठीत उणीव उलट बाजूची आहे. आपण मिशनऱ्याला देव, दानव किंवा मास्तर केले; दिवसअखेर तो खोलीवर परतल्यावर काय करीत असेल, हे कोणी विचारले नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत जाऊन प्रचार करू लागला. प्रस्थापित पाद्री आणि लष्करी अधिकारी दोघांचीही वक्रदृष्टी. आणि १८५० च्या दशकातच ती खटपट संपली. पुण्याच्या इतिहासावर इतके लिहिले गेले, पण ह्या माणसाच्या एका दिवसावर कोणाला कथा लिहावीशी वाटली नाही.

वाचकाला ह्या विषयात शिरायचे असेल तर त्याने हार्लेमच्या चित्रपटापासून आरंभ करावा. दोन तासांच्या आत आटोपतो आणि घरात लहान-थोर सर्वांना चालतो. टोंगाचा चित्रपट मुलांना सुटीत दाखवावा. ब्रॉडवेची गाणी ऐकायची तर दार लावून ऐकावीत. 'एल्डर्स' मात्र सलग वाचू नये. रोज दोन-तीन प्रकरणे, तीही दुपारी, पंखा बंद असताना.